पंपावरचा मीटर आणि बॅटरीचे खरे व्होल्टेज: १२ व्होल्टच्या फवारणी पंपाचे तीन हंगाम

कपाशी, तूर आणि हरभऱ्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी सोळा लिटरचा, पाठीवर घ्यायचा बॅटरी पंप विकत घेतला. बाजारात ज्याला ‘बारा बाय आठ’ म्हणतात तोच हा प्रकार, म्हणजे १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, एक डायफ्रॅम मोटर, वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, चालू-बंदचे बटण आणि त्याच्याशेजारी व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण टाकीवरचा छाप वेगळा असला तरी आतली जोडणी याच धाटणीची असलेले पंप आमच्या यवतमाळ भागातल्या कृषी केंद्रांत सर्रास मिळतात. पंप तीन हंगामांनंतरही चालू आहे. मात्र त्यासाठी मला त्याचे बूड चार वेळा उघडावे लागले, आणि त्या प्रत्येक वेळी जे मोजले त्यावरच हे परीक्षण आधारलेले आहे.

फवारणीबद्दल तक्रार नाही. पहिल्या हंगामात एका चार्जिंगवर बारा-तेरा टाक्या निघत, दाब शेवटच्या टाकीपर्यंत टिके आणि तीन छिद्रांच्या नोझलमधून तुषार बारीक पडत. नोझल उघडे असताना मोटर सुमारे २.८ अँपिअर घेते, असे मल्टिमीटरवर दिसले. आठाला २.८ ने भागून कोणी पावणेतीन तासांचा हिशेब मांडेल, पण बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तासांच्या संथ वापरावर, म्हणजे ०.४ अँपिअरवर ठरवलेली असते. जास्त प्रवाह ओढला की हाती येणारी क्षमता घटते. त्यामुळे दोन तासांच्या आसपास मोटर चालली तर बॅटरीत खोट आहे असे मानू नये.

खरी अडचण दुसऱ्या हंगामात आली. कपाशीवर फवारणी चालू असताना चौथ्या टाकीलाच मोटरचा आवाज बसला, तुषार जाड झाले आणि पंपावरचा मीटर ९.६ दाखवू लागला. ट्रिगर सोडला की तोच आकडा १२.६ वर जाई. तालुक्याच्या दुकानात पंप नेला, तेव्हा कारागिराने मीटरकडे पाहूनच निदान केले, “भाऊ, बॅटरी गेली, नवीन टाका.” त्याच्या बोलण्यात तथ्य वाटावे असेच लक्षण होते, कारण भार पडताच व्होल्टेज कोसळणे ही जुन्या बॅटरीची ओळखच आहे. परंतु बॅटरी जेमतेम सव्वा वर्षाची होती, म्हणून मी ती न बदलता पंप घरी आणला.

टाकी तीन पाण्यांनी धुऊन, हातमोजे घालून बूड उघडले आणि मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून थेट बॅटरीच्या दोन्ही पत्त्यांवर टोके टेकवली. मुलाला ट्रिगर दाबून धरायला सांगितले. मोटर चालू असताना बॅटरीच्या पत्त्यांवर १२.१ व्होल्ट होते आणि त्याच क्षणी पंपावरचा मीटर ९.६ सांगत होता. बॅटरी आपले काम चोख करत होती, आणि मधले अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते.

ते कुठे, हे शोधायला पाच मिनिटे पुरली. मोटर चालूच ठेवून एक टोक बॅटरीच्या धन पत्तीवर आणि दुसरे तिच्यावर बसवलेल्या थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून लावलेल्या धातूच्या चिमट्याच्या पलीकडे, वायरच्या तांब्यावर टेकवले. चांगल्या जोडावर इथे जवळपास शून्य दिसायला हवे, पण मल्टिमीटरने २.४ दाखवले. थिंबल काढून पाहिले, तर वायरचे दाबलेले तोंड काळपट-हिरवे पडले होते आणि त्याखालचे प्लॅस्टिक पिवळे होऊन किंचित वितळले होते. त्या जोडातून साधारण २.३ अँपिअर जात होते, म्हणजे साडेपाच वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होत होती. औषधाचा ओलावा बुडाशी झिरपतो, त्यात कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखी बुरशीनाशके मिसळलेली असतात, आणि कारखान्यात सैल दाबलेला जोड त्यात हळूहळू गंजत जातो. वायर बोटभर कापून, चकचकीत तांब्यावर नवे थिंबल पक्कडीने घट्ट दाबले आणि वर डाग दिला. लगेच पंपावरचा मीटर १२ वर आला.

या पंपाच्या रचनेतला माझ्या मते सर्वात मोठा दोष इथेच आहे. पंपावरचा मीटर बटणाच्या पलीकडे, मोटरच्या बाजूला जोडलेला असल्यामुळे तो बॅटरीचे नव्हे, तर बॅटरी, थिंबल आणि बटण या तिघांच्या एकत्रित प्रकृतीचे व्होल्टेज दाखवतो. वापरणारा आणि कारागीर, दोघेही तो आकडा बॅटरीचा समजतात, आणि गंजलेल्या चार-पाच रुपयांच्या थिंबलपायी हजाराच्या आसपास किमतीची धडधाकट बॅटरी बदलली जाते. नव्या बॅटरीबरोबर जोड हलवला-घासला गेल्याने पंप काही दिवस बरा चालतो, म्हणून निदान बरोबर होते असेच सर्वांना वाटते. मीटरची एक वायर थेट बॅटरीवर नेणे कंपनीला मुळीच अवघड नाही. मात्र मीटर सतत बॅटरी खाईल, म्हणून त्याला छोटे दाबबटण द्यावे लागेल.

मल्टिमीटर असलेलेही अनेकजण इथे फसतात, कारण ते वायर अखंड असल्यास वाजणाऱ्या ‘बीप’वर विसंबतात. बीपची सोय दहा-वीस ओहमच्या अडथळ्यालाही वाजते, आणि आमच्या गंजलेल्या जोडाचा अडथळा फक्त एक ओहमच्या घरात होता. बीप खणखणीत वाजला असता आणि दोष लपून राहिला असता. फवारणी पंपाची तपासणी मोटर चालू ठेवून, ट्रिगर दाबूनच करायला हवी, कारण प्रवाह वाहत नसताना खराब जोडही निर्दोष दिसतो. प्रवाह मोजायचा असेल तर लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर मोटरच्या वायरीत एकामागे एक असा जोडावा. त्याच स्थितीत मीटर विसरून बॅटरीवर टेकवला, तर थेट शॉर्ट होऊन वायर हातात जळते, म्हणून काम संपताच लाल वायर मूळ भोकात परत आणण्याची सवय हवी.

उरलेले दोष किरकोळ होते. एकदा मोटर अजिबात फिरेना, तेव्हा ट्रिगर उघडा ठेवूनच प्रेशर स्विचच्या, म्हणजे दाब वाढला की मोटर थांबवणाऱ्या स्विचच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडल्या आणि मोटर फिरली. स्विचमध्ये औषधाचा थर बसून तो उघडाच अडकला होता. ट्रिगर बंद असताना हा प्रयोग केल्यास दाब थांबवणारे काही उरत नाही आणि पाइप निसटून औषध तोंडावर येऊ शकते. दुसऱ्यांदा चार्जर लावताच हिरवा दिवा लागला. आपण त्याचा अर्थ ‘चार्ज पूर्ण’ असा घेतो, पण चार्जरमधून प्रवाह जात नसेल तरी तो हिरवाच राहतो. चार्जरच्या पिनेवर १४.४ व्होल्ट होते, तरी पिन लावल्यावर बॅटरीच्या पत्त्यांवरचे व्होल्टेज जागचे हलेना, म्हणजे चार्जर ठीक होता आणि पंपातल्या सॉकेटची वायर आतून तुटली होती. चार्जरची २३० व्होल्टची बाजू मात्र घरी उघडू नये.

तिसऱ्या हंगामात बॅटरी खरोखर गेली, आणि तेव्हा मोजमाप वेगळे बोलले. विश्रांतीत १२.५, पण ट्रिगर दाबल्यावर पाच मिनिटांत खुद्द पत्त्यांवरच १०.२. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १०.५ च्या खाली ओढू नये, असा नियम आहे. चूक माझी होती, कारण हरभऱ्याच्या शेवटच्या फवारणीनंतर अर्धी रिकामी बॅटरी मी जूनपर्यंत तशीच ठेवली होती आणि त्या अवस्थेत पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. आता उन्हाळ्यात दर महिन्याला चार्ज करतो. दुकानदार हल्ली तिथेच लिथियम पॅक बसवण्याचा आग्रह धरतात. तो हलका असतो हे खरे, पण तीन सेलचा लिथियम-आयन पॅक १२.६ व्होल्टला पूर्ण भरतो, त्यामुळे जुना १४.४ व्होल्टचा चार्जर त्याला मुळीच लावू नये.

पंपात फ्यूज दिलेला नाही, ही माझी दुसरी गंभीर तक्रार आहे. विषारी द्रावणाखाली, माणसाच्या कमरेला टेकून असलेल्या बॅटरीच्या वायरीत शॉर्ट झाला तर वायर जळण्यावाचून दुसरे काही होणार नाही. मी धन पत्तीजवळ ७.५ अँपिअरचा फ्यूज बसवून घेतला. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून गळका किंवा मध्येच बंद पडणारा पंप शिवारात उघडून बसणे मला सहन होत नाही. ओल्या औषधाच्या हातांनी थिंबल चाचपणाऱ्या मजुराला आधी हात धुवायला लावतो आणि पंप घरी आणतो.

या किमतीत मी हाच पंप पुन्हा घेईन, कारण मोटर आणि टाकी टिकाऊ आहेत आणि सर्व सुटे भाग तालुक्याला मिळतात. मात्र घेताना दुकानातच बूड उघडून थिंबल ओढून पाहीन, टाकीत पाणी भरून ट्रिगर दाबायला लावीन आणि बॅटरीच्या पत्त्यांवरचा व पंपावरच्या मीटरचा आकडा शेजारी-शेजारी लिहून घेईन. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला, तर तो पंप परत ठेवून दुसरा मागेन.