वाय-फायची नावे दोन, आतले जाळे एकच

मालवणात आमचे सहा खोल्यांचे लॉज आहे. दिवाळीच्या हंगामापूर्वी पाहुण्यांसाठी वेगळे आणि सुरक्षित वाय-फाय बसवून घेताना माझी फसवणूक झाली. लहान व्यवसाय करणाऱ्या इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांनी सुरुवातीलाच सांगितले की, 2008 साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. ही गोष्ट खरी आहे, आणि ती खरी असल्यामुळेच त्यापुढचे सगळे मला खरे वाटले. ‘फायरवॉल’, म्हणजे नको ती ये-जा अडवणारे यंत्र, बसवण्याचे साडेअठरा हजार ठरले. दहा हजार मी यूपीआयने दिले, उरलेले त्यांच्या आग्रहाखातर रोख दिले, आणि पक्के बिल नंतर पाठवतो या शब्दावर विश्वास ठेवला. काउंटरमागे राउटरशेजारी हिरवे दिवे लुकलुकणारा एक काळा डबा लागला, मोबाइलवर वाय-फायची दोन नावे दिसू लागली, आणि काम झाले असे मी धरून चाललो.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका पाहुण्यांना रेल्वेचे तिकीट छापायचे होते. पाहुण्यांच्या वाय-फायवर असतानाच त्यांच्या मोबाइलमध्ये आमच्या काउंटरवरचा प्रिंटर दिसला, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून दाखवला. लॉगिनचे पान उघडले आणि नाव व पासवर्ड या दोन्ही ठिकाणी ‘अॅडमिन’ लिहिताच आतील सर्व सेटिंग समोर आले. नावे दोन असली तरी जाळे एकच होते, आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोयही चालू ठेवलेली होती. ज्या संगणकाच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या, तोही त्याच जाळ्यावर होता, हे लक्षात आल्यावर माझे हातपाय गार पडले. डब्यावरचे स्टिकर नखाने सोलले, तर खाली आठ पोर्टचा साधा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा, निघाला, जो बाजारात हजाराच्या आत मिळतो आणि पाहुण्यांना आपल्या संगणकापासून वेगळे करू शकत नाही.

फोन केल्यावर त्या गृहस्थांनी पुन्हा येण्याचे तीन हजार मागितले आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, पण बिल नसल्याने माझ्याकडे पुरावा आहे तो फक्त दहा हजारांचा.

दुरुस्तीला मात्र एक पैसाही लागला नाही. भाच्याने पिनेने राउटर रीसेट केला, इंटरनेट कंपनीकडून लॉगिन पुन्हा मागून घेतले, राउटरमध्ये मुळातच असलेले गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे, चालू केले, पाहुण्यांची उपकरणे एकमेकांना दिसणार नाहीत असे सेटिंग केले आणि बाहेरून हाताळण्याची सोय बंद केली.

असे काम करून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी कारागिरासमोरच आपला मोबाइल पाहुण्यांच्या वाय-फायला जोडावा, ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, टाकावा आणि प्रिंटर शोधून पाहावा. यांपैकी काहीही दिसले तर काम झालेले नाही. राउटरचा पासवर्डही त्याच वेळी स्वतःच्या हाताने बदलावा.

त्या तीन आठवड्यांत राहून गेलेल्या पाहुण्यांना मी एकेक फोन करून घडले ते सांगत आहे. रजिस्टरमधील चौघांचे फोन अजून लागलेले नाहीत.