स्पीड पोस्टने पार्सल पाठवते, पण आधी पत्ता पक्का करते : घरगुती मसाला विकताना आलेला अनुभव

मी कराडजवळ राहते, कांदा लसूण मसाला करून विकते. दुकान वगैरे नाही, व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर ऑर्डर येतात, मी पॅक करून पाठवते. बऱ्याच जणी विचारतात ताई पार्सल कशाने पाठवता, नीट पोचतं का, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. रिव्ह्यू स्पीड पोस्टचा आहे पण यातलं अर्ध्याहून जास्त पत्त्याबद्दल आहे, कारण पार्सल दोन दिवस उशिरा गेलं तर गिऱ्हाईक समजून घेतं, पण भलत्याच्या दारात गेलं की मसालाही जातो, पैसेही जातात आणि माणूसही तुटतं.

सुरुवातीला मी एका खाजगी कुरिअरने पाठवायचे, नाव लिहीत नाही. एका ताईंची तीन किलोची ऑर्डर आली, वर्षाची बेगमी. पत्ता काय तर नाव, "नांदगाव, बसस्टँडच्या मागे" आणि मोबाईल नंबर, बस. पिनकोड नव्हता म्हणून मी नेटवर शोधला, पहिलं आलं ते नाशिक जिल्ह्यातलं नांदगाव, ४२३१०६, तेच टाकलं. चार दिवसांनी ट्रॅकिंगला डिलिव्हर्ड दिसलं, मी खूश. संध्याकाळी ताईंचा मेसेज, अहो आमच्याकडे काहीच आलं नाही. फोन केला तेव्हा कळलं त्या अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरच्या, तिकडचा पिन ४४४ ने सुरू होतो. नांदगाव तर आपल्या सिंधुदुर्गात पण आहे, कणकवली तालुक्यात. पार्सल कोणी घेतलं कुणास ठाऊक, त्याच आडनावाच्या कुणीतरी सही करून ठेवून घेतलं म्हणे. कुरिअरवाले म्हणाले मॅडम तुम्ही दिलेल्या पत्त्यावर दिलंय, आणि ते खरंच होतं, मला काही बोलताच येईना.

तीन किलो मसाला म्हणजे मिरच्यांचे देठ काढण्यापासून कांदा वाळवणं, खोबरं तीळ भाजणं, कांडपावर जाऊन उभं राहणं, सगळं आलं. मी दुसरे तीन किलो स्वतःच्या खर्चाने पाठवले. त्या रात्री ठरवलं की पत्ता स्वतः वाचून, बोलून, पक्का केल्याशिवाय पिशवीला टेप लावायची नाही.

आता पिनकोडचं सांगते, कारण बहुतेक लोक तो फॉर्ममधला एक रकाना समजून काहीही टाकतात. पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी, टपाल खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत, अक्षर लागत नाही, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पहिला आकडा विभागाचा, आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड आले. दुसऱ्या आकड्याने त्यातला उपविभाग, तिसऱ्याने सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट. म्हणजे एक आकडा चुकला तरी पार्सल कुठच्या कुठं जाऊ शकतं आणि शेवटचा चुकला तर जवळ जाऊनही घरी पोचत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एका गिऱ्हाइकाने सवयीने औरंगाबादच लिहिलं होतं, आता औरंगाबाद बिहारमध्ये पण आहे, पण पिन ४३१००१ होता त्यामुळे शंकाच नको. तिकडचा ८२४ ने सुरू होतो. अहमदनगर अहिल्यानगर, उस्मानाबाद धाराशिव, लोक जुनं नवं दोन्ही लिहितात, मी लेबलवर नवं नाव टाकते आणि पिन मोठा लिहिते.

पण नुसत्या पिनवर पण भागत नाही हे मला नंतर कळलं, आणि हे ऑनलाइन विकणाऱ्यांनी नीट ऐका. खेड्यात एका पिनमध्ये कितीतरी गावं असतात. छोट्या शाखा पोस्टाचा पिन वरच्या पोस्टाचाच असतो. म्हणून तर आपल्या आजोबांच्या पोस्टकार्डावर मु. पो. ता. जि. असायचं. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव, पोस्ट म्हणजे जिथल्या पोस्टातून टपाल येतं ते गाव, ही दोन एकच असतील असं नाही! वेबसाइटच्या फॉर्ममध्ये नुसतं ॲड्रेस लाइन एक, ॲड्रेस लाइन दोन, सिटी, तिथं वाडीवर राहणाऱ्याने सिटी म्हणून काय लिहायचं, तो बिचारा जिल्ह्याचं नाव टाकतो आणि पुढं सगळा घोळ. मी माझ्या ऑर्डरच्या मेसेजमध्ये मु., पो., ता., जि. परत आणलं आणि तेव्हापासून खेड्यातली पार्सलं हरवायची थांबली. वाडीचं नाव, शेजारी मंदिर किंवा डेअरी असेल तर तेही घेते. कोकणातल्या गिऱ्हाइकांकडून तर वाडी घेतल्याशिवाय सोडतच नाही, एका गावात पाच सात वाड्या आणि आडनाव सगळ्यांचं एकच असं पण असतं.

इथंच मला स्पीड पोस्ट आवडतं. शेवटी पार्सल ज्याच्या हातात जातं तो त्या भागातला पोस्टमन असतो, त्याला कुठलं घर कोणाचं, कोण मुंबईला गेलंय, कोणाची सून कोणत्या नावाने ओळखतात हे माहीत असतं. एका काकूंचं पार्सल होतं, पत्त्यात त्यांचं माहेरचं आडनाव पडलं होतं कारण त्यांच्या फेसबुकला तेच आहे आणि मी तिथूनच कॉपी केलं. पोस्टमनने मोबाईलवर फोन केला, काकू तुम्हीच का, आणि घरी आणून दिलं. फोन नंबर लेबलवर ठळक हवाच, त्याशिवाय हे झालं नसतं. गिऱ्हाइकाला पण सांगून ठेवते की दोन तीन दिवस अनोळखी नंबर उचला.

आमच्या पोस्टातल्या काउंटरवरच्या मॅडमकडून मी खूप शिकले. त्या बुकिंग करताना पत्ता मोठ्याने वाचतात. एकदा म्हणाल्या, डोंबिवली लिहिलंय, पूर्व का पश्चिम? मी म्हणलं पूर्व. त्या म्हणाल्या, मग पिन ४२१२०२ कसा, तो पश्चिमेचा, पूर्वेचा ४२१२०१. तिथंच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन लावला, मागं सात आठ माणसं लाइनीत, तर ते म्हणाले अहो ताई आम्ही मागच्या महिन्यात पश्चिमेला शिफ्ट झालो, पिन बदलला पण पूर्व तसंच राहिलं. म्हणजे पिन बरोबर होता आणि शब्द चुकीचा! मी एकटीने मनाने दुरुस्ती केली असती तर बरोबर पिन काढून चुकीचा टाकला असता. तेव्हापासून मी कधीच आपल्या मनाने पत्ता सुधारत नाही, दोन गोष्टी जुळत नसतील तर फोन.

जुन्या गिऱ्हाइकाचं "ताई तोच पत्ता" हे सगळ्यात धोक्याचं आहे. मुलं होस्टेल सोडतात, भाडेकरू घर बदलतात, आणि आपण मागच्या वर्षीचं लेबल बिनधास्त चिकटवतो. दुसरं म्हणजे भेट पाठवणारे. पैसे पुण्याहून मावशी देते, पार्सल जायचं असतं बंगळुरूला भाचीकडे, आणि मेसेजमध्ये दोन्ही पत्ते खालीवर. मी आता पूर्ण पत्ता स्वतः टाइप करून परत पाठवते आणि विचारते, पार्सल याच पत्त्यावर सोडू ना? त्यांचं "हो" आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवते. दोन मिनिटांचं काम आहे. कोणी चिडत नाही, उलट लोकांना बरं वाटतं की विचारतेय.

लेबलबद्दल. आमच्या मसाल्यात तेल असतं आणि ते कितीही पॅक केलं तरी उन्हाळ्यात थोडं बाहेर डोकावतं. एक पार्सल मी काउंटरवर ठेवलं तर खालच्या कोपऱ्यात लाल तेलाचा डाग पसरत पसरत बरोबर पिनकोडवर आलेला, बॉलपेनची शाई फुटून इंग्रजी 3 चा 8 दिसायला लागलेला. मॅडमनी दाखवलं म्हणून, नाहीतर तसंच गेलं असतं. आता मसाल्याला आतून दोन पिशव्या, मग डबा, मग बॉक्स, आणि लेबलवर आडवा चौकटभर सेलोटेप. आत पण एक चिठ्ठी टाकते पत्ता आणि नंबर लिहून, वरचं लेबल फाटलं तर कोणीतरी उघडून बघेल तरी. महाराष्ट्रातला पत्ता मराठीत लिहिला तरी पिन मात्र इंग्रजी आकड्यात, सुटा सुटा, कारण मराठी १ आणि ९ घाईत लिहिले की सारखेच दिसतात. बंगळुरू, इंदूर, बडोद्याला जायचं असेल तर सगळंच इंग्रजीत. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता छोटा, डावीकडे खाली, वर स्पष्ट "प्रेषक". एकदा मी दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरात लिहिले होते आणि पार्सल फिरून माझ्याच घरी आलं.

ट्रॅकिंग नंबर तेरा अक्षरांचा असतो, सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मधे नऊ आकडे आणि शेवटी आयएन. पावतीचा फोटो त्याच दिवशी गिऱ्हाइकाला टाकते. फायदा असा की पार्सल भलत्या जिल्ह्याकडे निघालेलं दिसलं की लगेच धावपळ करता येते, पोचल्यावर कळून काय उपयोग.

नवीन बदल पण सांगते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टातच मिळवलं. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला पाच रुपये जास्त भरून रजिस्ट्रेशन घेता येतं, म्हणजे ज्याच्या नावाने आहे त्यालाच किंवा त्याने नेमलेल्या माणसालाच देतात, आणि आणखी पाच रुपयांत ओटीपी डिलिव्हरी पण आहे, दोन्हीवर जीएसटी वेगळा. नांदगावच्या वेळी हे असतं तर ते पार्सल परक्याच्या हातात पडलंच नसतं. मोठ्या ऑर्डरला मी ओटीपी घेतेच, गिऱ्हाइकाला आधी सांगते की पोस्टमन कोड विचारेल तर द्या, घाबरू नका. हल्ली फसवणुकीच्या भीतीने लोक कोड सांगत नाहीत आणि ते बरोबरच आहे, म्हणून आपणच आधी ट्रॅकिंग नंबर देऊन ठेवायचा, पोस्टमन दारात पार्सल घेऊन उभा असला तरच द्यायचा असं सांगायचं.

डिजिपिन पण आलंय, २७ मे २०२५ ला टपाल खात्याने सुरू केलं, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससी या उपग्रहावरून जमिनीची माहिती घेणाऱ्या केंद्राबरोबर तयार केलेलं. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. नेहमीच्या पत्त्याच्या जागी नाही, जोडीला आहे. मी दोन तीन शेतातल्या घरांसाठी मागून घेतला, ज्यांना रस्ता नाही, गट नंबरच पत्ता आहे. कल्पना मला मनापासून पटली. फक्त एक बघा, कोड त्या जागेवर उभं राहून काढायचा, बाजारात बसून काढला तर बाजाराचाच येणार. आणि अपार्टमेंटमध्ये खालचा वरचा मजला त्यात कळत नाही, फ्लॅट नंबर लिहावाच लागतो.

खरं सांगायचं तर पुण्या-मुंबईच्या सोसायटीत, जिथं गेटवर वॉचमन आहे, तिथं कुठल्याही बऱ्या कुरिअरने पाठवलं तरी चालतं. पण तालुक्याच्या पुढं, वाडी-वस्तीवर, मी स्पीड पोस्टशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास टाकणार नाही. काउंटरवर स्वतः जाते, दुपारचा वेळ त्यासाठी मोकळा ठेवते, पत्ता वाचून घेते. मला ते काम वाटतच नाही आता, मसाला कुटण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

नांदगाव खंडेश्वरच्या ताई अजून दरवर्षी मागवतात. ज्यांना माझा मेसेज हवाय त्यांनी हा कॉपी करा, मी जसाच्या तसा वापरते: "पूर्ण नाव (घराच्या पाटीवर आहे तसं), घर किंवा फ्लॅट नंबर, वाडी किंवा सोसायटी, जवळची खूण, मु., पो., ता., जि., पिनकोड, चालू असलेला मोबाईल आणि दुसरा एक नंबर. पार्सल तुमच्याकडेच येणार आहे की दुसऱ्या कोणाला द्यायचंय? येत्या आठ दिवसांत घरी कोण असेल?"