गूगल शीट्स : टेम्पोच्या रस्त्याप्रमाणे यादी लावायला कसं आहे?

आमचा धंदा बिबड्या (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड, शेवया आणि काळ्या मसाल्याचा. टेम्पो जळगावहून निघतो तो पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत धुळ्याला पोचतो. ऑर्डरी मात्र फोनवर येतील तशा लिहिलेल्या. ही यादी गावाच्या नावाने अ ते ज्ञ लावली तर एरंडोल, धुळे, पारोळा, पाळधी अशी निघते. म्हणजे धुळ्याला जाऊन परत पारोळ्याला या! शिवाय भराई चुकली की बिबड्या मसाल्याच्या पेट्यांखाली जातात आणि दुकानदाराच्या हातात भुगा पडतो.

या कामासाठी गूगल शीट्सला माझे पाचपैकी चार.

रस्त्याचा क्रम वेगळ्या पानावर एकदाच लिहून ठेवायचा : पाळधी १, एरंडोल २, असं धुळे ६ पर्यंत. मग 'सॉर्ट' या सूत्राच्या आत 'मॅच' हे दुसरं सूत्र बसवायचं. प्रत्येक ऑर्डरचं गाव त्या पानावर कितवं, तो आकडा मॅच काढतो आणि सॉर्ट त्या आकड्यावर ओळी लावतो. एकाच गावाची चार दुकानं असली तर पुढे बिल नंबरचा रकानाही द्यावा. मॅचच्या शेवटी शून्य घालायचंच. ते सुटलं तर मॅच समजतो की गावं आधीच चढत्या क्रमाने लावलेली आहेत, आणि बिनबोभाट चुकीचे आकडे देतो.

सॉर्टमध्ये चढत्या क्रमासाठी लिहिलेल्या 'ट्रू'च्या जागी 'फॉल्स' केलं की तीच यादी उलटी होते, भराईची : शेवटच्या गावाचा माल आधी आत. "धुयाना माल पहिले टाका," हे आमच्या ड्रायव्हरदादांचं रोजचं ओरडणं आता कागदावरच छापून येतं.

एक्सेलमध्ये आपला क्रम लिहून ठेवायला 'कस्टम लिस्ट' आहे, पण नवी ऑर्डर आली की पुन्हा सॉर्ट करा, आणि ती लिस्ट मुळात त्या कॉम्प्युटरवर राहते. एक्सेल २०२१ पासून 'सॉर्टबाय' हे सूत्र मिळतं, त्यात हाच मॅच चालतो. ज्याच्याकडे ते आहे त्याने खुशाल वापरावं.

आता खरी गंमत. धरणगावचा एखादा दुकानदार मध्येच ऑर्डर देतो आणि धरणगाव आमच्या क्रमात नाही. मॅच तिथे गाव सापडलं नाही म्हणून एरर देतो. 'इफएरर' (एररच्या जागी आपला आकडा देणारं सूत्र) लावून अशा ओळीला ९९९ द्या, म्हणजे ती तळाला जाईल, असं बहुतेक जण सांगतात. मला ते पटत नाही. तळाची ओळ वाचतो कोण? मी शून्य देतो. अनोळखी गाव सगळ्यात वर येतं आणि टेम्पो हलायच्या आधी कोणीतरी विचारतं, हे काय आहे भो? (भराईच्या उलट्या यादीत मात्र ९९९च द्यायचं, तेव्हा ते वर येतं.)

पुतण्या बीसीए करतो. त्याने हेच काम शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत करून दाखवलं. तिथे मॅचचं काम करणाऱ्या 'इंडेक्सऑफ'ला गाव सापडलं नाही तर तो उणे एक देतो, त्यामुळे अनोळखी गाव आपोआप वर. "काका, हा बग आहे, काढून टाकतो," म्हणाला. म्हटलं, राहू दे. पायथन या दुसऱ्या भाषेत 'इंडेक्स' तर सरळ एरर देऊन थांबतो. बिल बनवताना तसं चालेल, सकाळी सहाला टेम्पो दारात उभा असताना नाही. त्याचं एक म्हणणं मात्र बरोबर : यादी हजारोंची असेल तर प्रत्येक तुलनेला क्रम पहिल्यापासून चाळत बसू नये, गाव आणि आकडा यांची जोडी आधीच बांधून ठेवावी. आमच्या सहा गावांना तेवढी घाई नाही.

पारोळा कोणी पारोळे लिहितं, कोणाच्या नावामागे स्पेस राहते. दोन्ही मॅचला वेगळीच गावं. क्रमाच्या त्याच पानावरून ड्रॉपडाउन लावलं की हा त्रास संपतो.

एक तारा कापला तो टिकमार्कसाठी. सॉर्ट केलेल्या यादीशेजारी 'माल दिला' अशी खूण केली आणि वर नवी ऑर्डर घुसली, तर ओळी सरकतात, खुणा जागीच राहतात. एरंडोलची खूण पारोळ्याच्या नावापुढे! खुणा मूळ ऑर्डरच्या पानावरच कराव्यात, नाहीतर सरळ प्रिंट काढून ड्रायव्हरदादांच्या हातात पेन द्यावं. आम्ही पेन देतो.