डिप्रेशनसाठी काउन्सेलिंग: घरून फोनवर की जळगावला जाऊन?

डिप्रेशन म्हणजे काय ते सांगत बसत नाही, ज्याला हा प्रश्न पडलाय त्याला ते माहितीये. प्रश्न एवढाच की अमळनेर, पारोळा, चोपड्याकडे राहून मदत घ्यायची तर फोनवर घ्यायची की जळगाव-धुळ्याला जाऊन समोर बसून. मी दोन्ही केलंय.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलतात, आधी काउन्सेलर असतो आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. मध्यरात्री झोप उडते आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं तेव्हा ओपीडी कुठे उघडी असणार, म्हणून हा नंबर सेव्ह पाहिजेच. जीव नकोसा झाला असेल तर फोन की भेट हा विचारच नको, लगेच लावा आणि घरातल्या एकाला उठवा.

पण नेहमीच्या काउन्सेलिंगला फोन मला नाही जमला, कारण घरात बोलायला जागाच नाही. एकत्र कुटुंब, दार लावलं की कोणीतरी वाजवतंच. मग गच्चीवर जायचो. एप्रिलची दुपार, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उकिडवं बसून मी हळू आवाजात सांगतोय की सकाळी अंथरुणातून उठवत नाही, आणि तेवढ्यात काकू वाळत घातलेले बिबडे (ज्वारीचे पापड) उलटवायला वर येणार, "कोना फोन शे रे?" ऑफिसचा म्हणायचं आणि पुढचं सगळं नुसतं हो-नाही. पलीकडच्या मॅडम आपुलकीने विचारत राहायच्या पण मला मोकळं होताच यायचं नाही. रेंज गेली तर पुन्हा फोन लावता येतो हो, पण याला काय करणार.

जाण्यायेण्याचा त्रास आहेच, एसटीत दिवस मोडतो, कामाचा खाडा पडतो, बाहेर बाकड्यावर ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती असते. खर्चाचं म्हणाल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथली मानसोपचार ओपीडी खासगीपेक्षा खूप स्वस्त पडते. पण एकदा आत बसलं की रडू आलं तरी कोणी काय झालं म्हणून धावत येत नाही, हे मला फार मोठं वाटतं. शिवाय जायचं म्हणून आंघोळ होते, दाढी होते, गाडी पकडावी लागते, आणि मूड येण्याची वाट न बघता आधी हालचाल सुरू करायची हा तर उपचाराचाच भाग आहे. माझ्यापुरतं सांगतो, त्या दिवशी संध्याकाळी जेवण जायचं.

गोळ्यांचा असर दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात आणि मधेच बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नसतात, हे समोर बसवून बजावणारं माणूस मला तरी लागतं.

तुमच्याकडे कडी लावता येईल अशी खोली असेल किंवा शेतात एकांत मिळत असेल तर फोनही चांगला चालेल, प्रत्येकाचं वेगळं असतं. तरी निदान पहिली भेट समोरासमोर घ्या असं मी म्हणेन, आणि पुढच्या भेटी अधूनमधून फोनवर चालतील का ते तिथेच विचारून घ्या.