कुमार सानू, अल्ताफ राजा आणि झंकार: काही महिने उघडपणे ऐकल्यानंतरचा अनुभव

आधी वापर कसा केला ते सांगते, म्हणजे मत कुठून आलं ते कळेल. गेले बरेच महिने मी नव्वदीतली तीन प्रकारची गाणी जवळजवळ रोज ऐकते आहे. एक, संगीतकार नदीम-श्रवण यांच्या चालींवरची कुमार सानूची गाणी. दोन, 'तुम तो ठहरे परदेसी'वाला अल्ताफ राजा. तीन, जुन्या गाण्यांवर वरून ठेका चढवलेली झंकार बीट्स. ऐकण्याच्या जागा म्हणजे स्वयंपाकघरातला छोटा ब्लूटूथ स्पीकर, गाडीतली साधी म्युझिक सिस्टीम आणि रात्रीचे इअरफोन.

ही गाणी मला शाळेपासून आवडतात, पण इतकी वर्षं ती फक्त इअरफोनमध्ये होती. आमच्या घरी भावगीतं, नाट्यगीतं, गझला. मैत्रिणींमध्ये सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची बोलणी. या गाण्यांना आमच्याकडे 'रिक्षावाली गाणी' म्हणतात. यंदा मी ती स्पीकरवर लावायला लागले. पाहुणे आले तरी बदलत नाही.

गाडीपासून सुरुवात करते, कारण ही गाणी सगळ्यात जास्त तिथेच कळली. पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटात पुढे-मागे ट्रक, खिडकी अर्धी उघडी. अशा वेळी माझी आवडती गझल ऐकूच येत नाही. सारंगी आणि हळू आवाजातले शब्द इंजिनाच्या घरघरीत बुडून जातात. कुमार सानूचा आवाज मात्र स्पष्ट येतो. त्या आवाजात नाकातली जी धार आहे, ज्यावरून त्याची इतकी नक्कल होते, ती बरोबर अशा पट्टीत आहे जिथे इंजिनाचा आवाज कमी असतो. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या स्वरांची असते, ती खर्ज गिळते. वरची छनछन, ढोलकची थाप, बासरीचा तुकडा आणि सानूचा स्वर तिच्यातून बाहेर पडतात. छोट्या स्पीकरला खोल खर्ज काढताच येत नाही, त्यामुळे तिथेही हाच फायदा मिळतो. एसटी, टेम्पो, पानाची टपरी, केशकर्तनालय या जागी ही कॅसेट वाजायची आणि त्या जागी ती चोख काम करायची. शांत खोलीत महागड्या सिस्टीमवर ऐकून तिला 'कर्कश' ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

कॅसेटचा काळही इथे लक्षात घ्यायला हवा. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने स्वस्त कॅसेट काढल्या आणि त्या रेकॉर्डच्या दुकानाबाहेर, किराणा आणि पानाच्या दुकानांतही मिळू लागल्या. तोवर गाणं विकत घेणं ही थोड्या घरांची चैन होती. 1990च्या 'आशिकी'ने या नव्या गिऱ्हाइकाला त्याचा आवाज दिला. कुमार सानूला 'आशिकी'पासून सलग पाच वर्षं सर्वोत्कृष्ट गायकाचा फिल्मफेअर मिळाला. त्यातला पाचवा '1942: अ लव्ह स्टोरी'मधल्या 'एक लड़की को देखा'साठी, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या चालीवर. हे गाणं आमच्याकडचे सगळे दर्दी मान डोलावून ऐकतात, कुणी लपवत नाही. गळा तोच, साल जवळपास तेच. अनुराधा पौडवालांचंही तसंच. त्यांची मराठी गाणी आमच्या देवघरापर्यंत पोचलेली आहेत आणि 'आशिकी'त त्याच गायल्या आहेत. मग लाज नेमकी कशाची? माझं उत्तर असं की लाज गाण्याची नाहीच, ते कुणाच्या टपरीवर वाजतं त्याची आहे. हे मला फार खुपतं.

अल्ताफ राजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या काही महिन्यांत माझं मत सगळ्यात जास्त त्याच्याबद्दल वाढलं. त्याचे आईवडील दोघंही कव्वाल. ते माहीत असलं की 'तुम तो ठहरे परदेसी' वेगळंच ऐकू येतं. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) बाजूला सारा, खाली कव्वालीचा सांगाडा उभा आहे: एक ओळ पुन्हा पुन्हा परत येते आणि मधे मधे शेर पेरले जातात. तो शेर गात नाही, जवळजवळ बोलतो. ताना नाहीत, मुरक्या अगदी थोड्या, आवाज जाड आणि ठाम. त्यामुळे शब्द एकही निसटत नाही. त्याच्या एका गाण्यात तर प्रेमाची अख्खी गोष्ट जानेवारीपासून महिन्यामहिन्याने पुढे सरकते. भाकऱ्या करताना मी ती ऐकते आणि पुढचा महिना कधी येतो याची वाट बघते. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांना हिंदी गाण्यांचं फारसं वेड नाही, त्या एकदा दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. 'अगं, हा गोष्ट सांगतोय,' म्हणाल्या. बरोबर तेच करतो तो.

2013च्या 'घनचक्कर' चित्रपटात संगीतकार अमित त्रिवेदींनी अल्ताफ राजाला गायला बोलावलं. 2015च्या 'दम लगा के हईशा'चा नायक तर कॅसेटचं दुकान चालवणारा आणि सानूवर जीव टाकणारा. दोन्ही पाहून बरं वाटलं. पण तेव्हापासून एक नवी सवय दिसते: ही गाणी ऐकायची, पण गंमत म्हणून, डोळा मारून. लग्नात नाचायला चालतात, घरी ऐकायला नाहीत. मला ती सवलत नको आहे. सानू जेव्हा अंतऱ्याच्या शेवटी आवाज सैल सोडून पुन्हा ध्रुवपदावर येतो, तेव्हा मला खरोखर भरून येतं.

आता झंकार. इथे मत सरसकट चांगलं नाही. नव्वदीच्या गाण्यांवरची झंकार घाटात उत्तम चालते. मुळातच त्या गाण्यांत ढोलक भरपूर असतो, त्यामुळे वरचा ठेका उपरा वाटत नाही. पण लता-मुकेश यांच्या पन्नास-साठच्या दशकांतल्या गाण्यांवर चढवलेली झंकार इअरफोनमध्ये लावून बघा. ते वादक सगळे एकत्र बसून वाजवायचे, लय श्वासासारखी किंचित मागेपुढे व्हायची. वरचा ठेका ती लय पकडायला धावतो आणि मूळ तबल्यात नि त्याच्यात बारीक फट पडते. दोन कडव्यांमधली शांतताही भरून टाकली जाते, आणि अशा गाण्यांचा अर्धा जीव त्या शांततेत असतो. ही मी यादीतून काढून टाकली.

अजून काही तक्रारी आहेत. अल्ताफ राजाच्या अल्बममध्ये दोन-तीन गाण्यांनंतर तोच साचा जाणवतो. सलग ऐकू नका. या सगळ्या गाण्यांत 'बेवफा' जवळजवळ नेहमी बाईच असते. बाई म्हणून रोज हे ऐकणं मला जड जातं, आणि अशी काही गाणी चाल आवडत असूनही मी सोडली. सानूची युगुलगीतं या बाबतीत बरी. तिथे अलका याज्ञिक किंवा साधना सरगम उत्तर तरी देतात.

ऑनलाइन शोधताना गायकाचं नाव नक्की तपासा. कॅसेटच्या काळात जुन्या हिट गाण्यांची दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेतलेली आवृत्ती सर्रास विकली जायची. कुमार सानूनेही सुरुवातीला किशोर कुमारची गाणी अशीच गायली आहेत. ती मुद्दाम शोधून ऐका, कारण त्याच्या गळ्यात किशोर किती खोलवर बसला आहे ते तिथे उघड कळतं. बाकी नावाशिवाय टाकलेल्या आवृत्त्यांपासून लांब राहा.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी 'आशिकी', 'साजन' आणि 'दीवाना' या क्रमाने जावं, झंकार न चढवलेली मूळ गाणी घ्यावीत आणि पहिल्यांदा इअरफोन टाळावेत. छोटा स्पीकर, खिडकी उघडी, हाताला काहीतरी काम. बास वाढवू नका, आवाज नुसता गढूळ होतो. अल्ताफ राजा मात्र रात्री, घर शांत झाल्यावर, एका वेळी एकच गाणं.