‘बहुसांस्कृतिक’ की ‘संमिश्र’? स्मरणिकेत कोणता शब्द घालावा

कोल्हापूरवर चार ओळी लिहायच्या म्हटलं, की या दोन शब्दांपाशी हात थांबतो. ‘सर्वधर्मसमभाव’ मी आधीच बाजूला ठेवतो. चांगला शब्द आहे, पण तो धर्मापुरता. गडहिंग्लज-शिरोळकडच्या घरांतलं कानडी त्यात कुठं बसणार?

‘बहुसांस्कृतिक’ सरकारी धोरणाच्या वाटेनं आलेला शब्द. कॅनडानं 1971 मध्ये ते धोरण स्वीकारलं, 1988 मध्ये त्याचा कायदा केला. देशोदेशींहून आलेल्यांनी आपापली ओळख टिकवावी आणि राज्यानं तिचा मान राखावा, हा त्यामागचा विचार. आपल्याकडं तो अगदीच परका नाही. शाहू महाराजांची बोर्डिंगं आठवा : 1901 मध्ये मराठा आणि जैन, 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक समाजाचं स्वतंत्र वसतिगृह आणि सगळ्यांना दरबारचा आधार. यांतली बोर्डिंगं ज्या भागात उभी राहिली त्या दसरा चौकाच्या इतिहासावर लिहिताना हा शब्द मी आजही बिनधास्त वापरतो.

मात्र स्मरणिकेत तो नको वाटू लागला तो एका त्रासामुळं. ‘बहु’ म्हटलं की पुढं यादी आलीच. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम... कितीही लांबवा, कोणीतरी राहतंच. मग अंक वाटून झाला की फोन : “सर, आमचा समाज दिसला नाही कुठं.” त्यांचं दुखणं खरं असतं. पुढच्या वर्षी ते नाव घालावं, तर क्रमावरून नाराजी. दरवर्षी प्रस्तावनेचा निम्मा वेळ या यादीतच जायचा, आणि माणसं एकमेकांत कशी मिसळलीत हे लिहायचं राहून जायचं.

‘संमिश्र’ मला सापडला तो संविधानात. 1976 मध्ये 51क कलम आलं, त्यातल्या मूलभूत कर्तव्यांत ‘आपल्या संमिश्र संस्कृतीच्या’ वारशाचं जतन सांगितलंय. हा शब्द कोण कोण आहे हे मोजत बसत नाही, काय मिसळलंय ते सांगतो. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती आहे. कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले तर पीर-पंजे आणि गणपती एका छताखाली. इथं ‘बहुसांस्कृतिक’ म्हटलं तर दोन संस्कृती शेजारी-शेजारी आहेत एवढंच कळतं. ती आरतीची आणि पंजांची तयारी करणारे हात एकाच गल्लीतले असतात, हे कळत नाही.

उणं नाही असं नाही. ‘बंदला संमिश्र प्रतिसाद’ वाचून वाचून या शब्दाला अर्ध्यामुर्ध्याचा वास लागलाय. काही ज्येष्ठांना ‘मिश्र’ म्हटलं की भेसळ आठवते. व्याख्यान विद्यापीठात असेल, विषय धोरणाचा असेल, तर ‘बहुसांस्कृतिक’च बरा पडेल, तिथं तो नेमका समजतो.

पण पेठेतल्या मंडळाचा अंक असेल तर, मला विचाराल तर, ‘संमिश्र संस्कृती’ अशी जोडीच वापरा. ‘संमिश्र शहर’ नको, तिथं तो बातमीतला अर्थ डोकावतो. आणि त्यापुढं समाजांची यादी न देता तुमच्याच गल्लीतला एखादा दाखला द्या : उरुसाला कोण राबतं, पालखीला पाणी कोण देतं.