१०० डायोडचा किट: ९० खरे, १० भलतेच

रेटिंग ५ पैकी ३, आणि तेही जरा मोठं मन करून.

भाचा यंदा बारावीला. फिजिक्सचा शेवटचा धडा सेमीकंडक्टरचा, पोराला सगळं पाठ आहे पण डायोड (करंट एकाच बाजूने जाऊ देणारा छोटा पार्ट) आयुष्यात कधी हातात धरलेला नाही, म्हणून मी ऑनलाइन हा किट मागवला. २४९ रुपये, १०० नग, ८ प्रकार, कप्प्यांची प्लास्टिक डबी. पाच दिवसांत आला. झाकणाची कडी दुसऱ्याच दिवशी तुटली, ते सोडा. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच डबा फोटोसकट दहा जण विकतायत.

आल्या आल्या मी माझा जुना पिवळा मल्टीमीटर काढला आणि डायोडच्या खुणेवर फिरवला. पहिला घेतला १एन४००७, काळा, एका टोकाला चंदेरी पट्टी असलेला, घरातल्या अर्ध्या अडॅप्टरमधे सापडतो तोच. काळी प्रोब पट्टीच्या बाजूला, लाल दुसरीकडे, आकडा आला ५५८, म्हणजे डायोडवर ५५८ मिलिव्होल्ट पडतायत. उलटा धरला तर डावीकडे नुसता १, म्हणजे काही जात नाही. मस्त. यावर भाचा म्हणाला, "मामा, पुस्तकात शून्य पॉइंट सात व्होल्ट लिहिलंय, तुझा मीटर गंडलाय का?"

मीटर गंडलेला नाही रे बाबा. सिलिकॉनच्या एका भागात फॉस्फरस मिसळतात, त्याच्याकडे बाहेरचे पाच इलेक्ट्रॉन, सिलिकॉनला लागतात चार, एक मोकळा फिरतो. शेजारच्या भागात बोरॉन, त्याच्याकडे तीनच, तिथे एक जागा रिकामी राहते, तेच होल. जिथे हे दोन भाग मिळतात, म्हणजे जंक्शनवर, तिथे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन रिकाम्या जागा भरतात, आणि मागे उरतात ते जागचे न हलणारे प्लस झालेले फॉस्फरस आणि मायनस झालेले बोरॉन. हे दोघं समोरासमोर उभे राहिले की पुढच्या इलेक्ट्रॉनला जाऊ देत नाहीत. झाला डिप्लिशन लेयर. बॅटरी सुलट लावली की हा अडथळा खाली येतो, उलट लावली की अजून चढतो. सगळे डायोडला वन-वे रस्ता म्हणतात पण ते अर्धंच आहे, या वन-वेवर टोलनाका पण आहे (टोल म्हणजे डायोडवर खर्च होणारं व्होल्टेज) आणि गर्दी वाढली की टोल थोडा थोडा वाढतो. करंट दहापट करायचा तर व्होल्टेज साधारण ६० ते १२० मिलिव्होल्टनीच वाढतं. मीटर सोडतो जेमतेम एक मिलिअँपिअर, म्हणून ०.५६ च्या आसपास दिसतं, पूर्ण एक अँपिअर सोडला तर याच ४००७ वर १.१ व्होल्टपर्यंत पडायला डेटाशीटची (कंपनीच्या माहितीपत्रकाची) परवानगी आहे. पुस्तकातलं ०.७ हे मधलं कुठलंतरी.

मग सोल्डर गन गरम करून डायोडच्या पायाला नुसती टेकवली. आकडा ५५८ वरून ५४०, ५१०, ४८० असा समोर घसरत गेला, एका डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्ट. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता, धडा दोनदा वाचून जे झालं नाही ते दोन मिनिटांत झालं. एवढ्यासाठी तरी किटचे पैसे वसूल.

बाकीचे पण तपासले. काचेचा छोटा ४१४८, ६०० च्या थोडा वर, बरोबर. जाडजूड ५४०८, तीन अँपिअरचा, याचा आकडा ४००७ पेक्षा कमी आला, ते पण बरोबर कारण आतली चकती मोठी, तेवढाच करंट जास्त जागेत पसरतो. ५.१ व्होल्टचा झेनर, म्हणजे उलट्या बाजूने ठरावीक व्होल्टेजला करंट सोडणारा डायोड, उलटा लावून ९ व्होल्टची बॅटरी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून दिली, ४.९२ आले, एवढ्या कमी करंटला चालतंय.

आता मुख्य तक्रार. डबीत १० नग १एन५८१९ लिहिलेले आहेत, हा शॉटकी, यात दोन प्रकारचं सिलिकॉन नसतं तर एका बाजूला चक्क धातू असतो, टोल निम्म्याहून कमी, मीटरवर १५० ते २०० यायला पाहिजे. मला आले ५६२. म्हटलं एखादा चुकून आला असेल. दहाच्या दहा काढले, ५५५ ते ५७० मधे सगळे. म्हणजे अंगावर ५८१९ छापलंय आणि आत साधा ४००७ च्या जातीचा माल भरलाय!

तुम्ही म्हणाल काय फरक पडतो. मला पडला. भाच्याच्या प्रोजेक्टला छोटं सोलर पॅनेल आणि बॅटरी आहे, मधे एक डायोड लागतो कारण सोलर पॅनेल म्हणजे पण शेवटी मोठं पसरट जंक्शनच, अंधार पडला की बॅटरी उलट पॅनेलमधूनच करंट सोडायला लागते. (हे जंक्शन सापडलं ते पण उजेडामुळेच, १९४० साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधे रसेल ओहल या संशोधकाकडे तडा गेलेला सिलिकॉनचा तुकडा होता, त्यावर उजेड पडला की व्होल्टेज यायचं.) तर तिथे शॉटकी टाकला की साधारण ०.३ व्होल्ट जातात, या नकलीत ०.७ गेले. ६ व्होल्टच्या पॅनेलला ते परवडत नाही, बॅटरी दिवसभर अर्धवटच चार्ज व्हायची आणि आम्ही दोन दिवस पॅनेललाच शिव्या घालत होतो.

शेवटी शनिवारी पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, नेहमीच्या काकांकडून सुटे ५८१९ घेतले, काउंटरवरच मीटर लावला, १६८. काका म्हणाले, "ऑनलाइनवाल्यांनी फसवलं वाटतं." रोज कोणीतरी येत असणार. एक सांगून ठेवतो, खरा शॉटकी उलट्या बाजूने साध्या डायोडपेक्षा जास्त गळतो, आणि तापला की अजून जास्त, त्यामुळे पत्र्याखाली उन्हात ठेवू नका, आणि ४० व्होल्टच्या वर वापरायचा विचारही करू नका.

रिटर्न टाकलं होतं, पैसे परत आले, वस्तू न्यायला कोणी आलं नाही. मग त्या खोट्या दहातले चार भाच्याने ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर ब्रिजमधे (एसीचं डीसी करणारी चार डायोडची जोडणी) सोल्डर केले, कालपासून चालू आहे, हात लावला तर कोमटही नाहीत.